मिठी नाही रे, दार उघडतोय

ताई, नमस्कार.
मी नागपूरला मानेवाडा रोडला राहतो. वय 47. वीज कंपनीत 20 वर्षं लाइनवर काढली, आता सबस्टेशनला असतो. मुलगा 16 वर्षांचा, यंदा दहावी झाला. अकरावीचा फॉर्म भरायला घरचा लॅपटॉप उघडला तर त्याची एक इंग्रजी फाइल उघडीच होती. मला वाटलं, निबंध असेल. वाचत गेलो. 31 पानं निघाली. दोन रात्री लागल्या, निम्मे शब्द मोबाइलमध्ये बघावे लागले.

गोष्ट त्या आयर्न मॅनची आणि स्पायडर-मॅनची आहे. आयर्न मॅनने पोराचा सूट काढून घेतलेला असतो. पोरगा तापाने फणफणतो. तो एवढा मोठा माणूस रात्रभर त्याच्या उशाशी बसून सूट दुरुस्त करतो, मध्येमध्ये पालथ्या हाताने पोराचं कपाळ बघतो, पहाटे 'माझं चुकलं' म्हणतो आणि पोरगा त्याला 'डॅड' म्हणतो. इथे मी लॅपटॉप बंद केला.

फेब्रुवारीत परीक्षेच्या तोंडावर मी त्याचा मोबाइल काढून घेतला होता. 'फोनशिवाय तू काहीच नसशील तर फोन द्यायचाच कशाला' असं बोललो होतो. पण मी कधी हात उगारला नाही. फी, क्लास, काही कमी केलं नाही. मग याला दुसरा बाप कशाला पाहिजे? बायको म्हणते, 'काहून जिवाला लावून घेता, कथा तर आहे.' मोठा भाऊ म्हणतो, पोट्टा हळवा झाला, जिमला टाक. मी पण लहानपणी सुपर कमांडो ध्रुवची कॉमिक्स वाचायचो, पण असं रडकं काही लिहीत नव्हतो. काय करू?

ता. क. त्या गोष्टीत तो करोडपती रबरी हातमोजे घालून टेस्टरने वायर तपासतो. असा कधी टेस्टर पेटतो का?
एक बाबा

भाऊ, नमस्कार.

पत्रातला ता. क. मला सगळ्यात आवडला, पण तिकडे शेवटी येते. आधी सिनेमाबद्दल, कारण तुम्ही तो पाहिलेला दिसत नाही आणि तुमच्या मुलाने तो बहुतेक पाठ केलाय.

2017 साली 'स्पायडर-मॅन : होमकमिंग' आला. पीटर पार्कर 15 वर्षांचा, आई-बाप नाहीत, मे काकूकडे राहतो. अब्जाधीश टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, त्याला एक भारी सूट देतो. पोरगा आगाऊपणा करायला जातो, प्रवाशांनी भरलेली बोट भर पाण्यात दुभंगते आणि टोनी सूट परत मागतो. पीटर म्हणतो, या सूटशिवाय मी कोणीच नाही. त्यावर टोनी सुनावतो की तसं असेल तर तो तुझ्याकडे असताच कामा नये. भाऊ, हे तुमचं फेब्रुवारीतलं वाक्य आहे! तुम्ही सिनेमा न पाहता बोललात, कारण असली वाक्यं बाप लोक सिनेमातून शिकत नाहीत, आपापल्या बापाकडून शिकतात. टोनीही लगेच स्वतःशीच पुटपुटतो की अरे देवा, मी तर माझ्या बाबांसारखा बोलायला लागलो.

तुमच्या तोंडून ते ऐकल्यावर पोराच्या डोक्यात सिनेमा सुरू झाला नसेल तरच नवल. सूट काढून घेतल्यावर त्या दोघांची रात्र कशी गेली, हे सिनेमा सांगत नाही. त्याला पुढच्या मारामारीकडे जायची घाई असते. ती रात्र तुमच्या मुलाने लिहिली.

त्याच सिनेमात गाडीतला एक छोटा प्रसंग आहे. टोनी पीटरला घरी सोडायला आलाय. तो पीटरच्या अंगावरून हात पलीकडे नेतो, पोराला वाटतं मिठी मारतोय, म्हणून तोही बिलगतो. टोनी म्हणतो, ही मिठी नाही, मी दार उघडतोय, आपलं अजून तेवढं झालेलं नाही. हसू येतं, प्रसंग संपतो. पण जगभरच्या पोरापोरींनी ती जागा धरून ठेवली. 2018 च्या सिनेमात निम्मं जग राख होतं, पीटरही टोनीच्या हातात राख होऊन जातो. 2019 च्या 'एंडगेम'मध्ये टोनी घरी भांडी विसळत असताना त्याची नजर दोघांच्या जुन्या फोटोवर जाते, आणि गेलेल्यांना परत आणायच्या कामाला तो लागतो. पोरगा परत आल्यावर भर रणांगणात त्याला खरीखुरी मिठी मारतो. मग थोड्याच वेळात स्वतः मरतो. दोन वर्षं वाट पाहून एक मिठी, तीही लढाईच्या गडबडीत. मग लोक लिहिणार नाहीत तर काय करतील?

या लिखाणाला फॅन फिक्शन म्हणतात, पोरं नुसतं 'फिक' म्हणतात. टोनी आणि पीटरच्या बाप-लेक गोष्टींना तर 'आयर्नडॅड' असं वेगळं नावच पडलंय. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' म्हणून स्वयंसेवकांनी चालवलेला एक संग्रह आहे, तिथे त्या ढिगाने सापडतील. त्या संग्रहाला 2019 मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. विज्ञानकथांच्या जगात हा मान मोठा. तिथले काही साचे ठरलेले आहेत. 'पाच वेळा पीटरने टोनीला चुकून डॅड म्हटलं आणि एकदा मुद्दाम', हा एक. तुमच्या मुलाने वापरला तो दुसरा: एकाला ताप, जखम किंवा वाईट स्वप्न, आणि दुसरा रात्रभर जागा. कीर्तनाला पूर्वरंग लागतो तसा या गोष्टींना ताप लागतो. तेवढ्यावरून माझ्या लेकराला आतून काय सलतंय असा अर्थ काढत बसू नका.

ताप का लागतो, ते मात्र बघण्यासारखं आहे. सुपरहिरोंच्या जगात एका पुरुषाने दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा तो ठोसा मारायला, नाहीतर कड्यावरून पडताना धरायला. मायेने हात फिरवायचा तर समोरचा आजारी पाहिजे. आपल्या घरांत तरी वेगळं काय आहे? धडधाकट 16 वर्षांच्या पोराच्या केसांतून हात फिरवायला बाप लाजतो. 102 ताप चढला की लाज जाते. गोष्टी लिहिणाऱ्या पोरांनी हे बरोबर ओळखलंय.

माझे बाबा त्यातलेच. तान्ह्या पोळ्याला माझ्या लाकडी बैलाला चाकं नव्हती. बाबांनी एक शब्द न बोलता बूट पॉलिशच्या डब्यांची झाकणं ठोकून दिली, आणि मी बैल ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरले तेव्हा गल्लीच्या टोकाला सायकल धरून उभे राहिले. आमची पिढी यालाच प्रेम म्हणून वाचायला शिकली. तुमच्या मुलाची पिढीही वाचते, पण वर एखादं वाक्य मागते. मला ती मागणी रास्त वाटते.

ही सुपरहिरो मंडळी बहुतेक बिनबापाची. 1938 चा सुपरमॅन, 1939 चा बॅटमॅन, आणि 1962 चा स्पायडर-मॅन, ज्याच्या बेन काकाला चोर गोळी घालतो. सुपरमॅनचा लेखक जेरी सीगल, त्याचे वडील 1932 मध्ये त्यांच्याच कपड्यांच्या दुकानात चोरी झाली तेव्हा कोसळून गेले. 6 वर्षांनी पोराचा गोळी न लागणारा माणूस छापून आला. यावर तर्क लढवणारे पुष्कळ आहेत, मी लढवत नाही. गोष्टीच्या दृष्टीने बाप नसणं सोयीचंच असतं. बाप घरी असला की पोरगं रात्रीचं छपरांवरून उड्या मारायला निघणार कसं? तुमचा ध्रुवही तसाच: ज्युपिटर सर्कशीत आई-बाप गेले आणि पोलीस कमिशनर राजन मेहरांनी त्याला घरी नेलं. त्या मेहरांच्या घरी रात्री जेवताना काय बोलणं होत असेल, हे तुमच्या मनात कधीच आलं नाही? वहीत लिहिलं नसेल, एवढंच.

आणि जुन्या वाचकांना हळवेपणा नको होता, हे तर आकड्यांत नोंदलेलं आहे. 1988 मध्ये बॅटमॅनचा त्या वेळचा जोडीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा यावर कंपनीने फोनवरून मतं मागवली. मरावा म्हणणारे 5,343, जगावा म्हणणारे 5,271. पोरगा 72 मतांनी मेला. आजच्या चाहत्यांच्या गोष्टींतला बॅटमॅन पोरांचे डबे भरतो, शाळेच्या पालकसभेला धावतपळत पोचतो, मेलेल्या पोराच्या खोलीला कुलूप लावून तिच्यासमोर बसतो. मला हा फरक फार मोलाचा वाटतो.

हे लिखाण मुख्यत्वे बायकांनी आणि मुलींनी उभं केलं, हेही तुमच्या मोठ्या भावाला सांगा. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी मालिकेवरचं 'स्पॉकनेलिया' हे चाहत्यांचं मासिक 1967 मध्ये निघालं, ते काढणाऱ्या दोघी बायकाच. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर तेच केलं: रामकथा तीच, पण ओवीत सीतेची बाजू घेऊन रामाला हलक्या मनाचा म्हणायला त्या कचरल्या नाहीत. पुरुष कसा असावा, हे बायकांनी असं गाऊन नाहीतर लिहून पाहिलंय. त्यांच्यात 16 वर्षांचा एक पोरगा जाऊन बसतो आणि मारामारी सोडून ताप लिहितो. तुमच्या भावाला तो हळवेपणा वाटतो. वर्गातल्या पोट्ट्यांना कळलं तर काय होईल हे माहीत असून लिहितो, म्हणून मला तो धीट वाटतो.

त्याच 1967 साली आपल्याकडे 'मृत्युंजय' आली, ज्यात कर्ण स्वतःच्या तोंडाने बोलतो. कर्ण निघालाच आहे तर मूळ महाभारतातला एक प्रसंग सांगू द्या. कर्णाला नुकताच अंगदेशाचा राजा म्हणून अभिषेक झालाय, सगळे राजे बघताहेत. तेवढ्यात म्हातारा अधिरथ आत येतो. घामाघूम, थरथरता, काठीच्या आधाराने, खांद्यावरचं वस्त्र घसरलेलं. कर्ण धनुष्य बाजूला ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्याने ओलं डोकं त्याच्यापुढे वाकवतो. अधिरथ गडबडतो आणि वस्त्राच्या टोकाने आपले पाय झाकतो. राजाने सारथ्याच्या पायांवर डोकं ठेवायचं, त्याचा त्याला संकोच. मग 'पुत्रा' म्हणून जवळ घेतो आणि रडून ते ओलं डोकं पुन्हा ओलं करतो. तिकडे भीम हसायला लागतो.

भाऊ, तुमचं पत्र वाचताना मला ते झाकलेले पाय दिसले. समोर अब्जाधीश उभा केला म्हणून तुम्ही स्वतःला मोजायला लागलात. फी मोजलीत, क्लास मोजलात. पण तुमच्या मुलाने तुमच्याकडून काय घेतलंय ते तुम्हीच पत्रात लिहिलंत आणि तुमच्याच नजरेतून सुटलं. टोनी पोराचं कपाळ पालथ्या हाताने बघतो. माझ्याकडे मीटरच्या कामाला आलेल्या वायरमनने मला सांगितलं होतं की वायरला हात लागायचाच तर पालथा लागावा, तळहात लागला तर बोटं आवळली जातात आणि वायर सुटत नाही. टोनी स्टार्कला हे कोणी शिकवलं? सिनेमातला टोनी हवेत बोटं फिरवून काम करतो, यंत्राशी गप्पा मारतो. त्याच्या अख्ख्या बंगल्यात एक टेस्टर निघणार नाही. तो टेस्टर मानेवाड्याचा आहे, आणि कपाळावरचा तो हातही.

मग दुसरा बाप आहेच कुठे? चिलखत तेवढं दुसऱ्याचं.

दोन गोष्टी मात्र त्याने स्वतःच्या पदरच्या घातल्यात, आणि त्या मी साखर लावून सांगणार नाही. पहिली, तो माणूस रात्रभर उठून जात नाही. वादळ सुटलं की बाकीच्यांचे बाबा घरी येतात आणि लाइनमन घराबाहेर पडतो. दिवे गेले की निघणारा माणूस तुमच्या पोराने सिनेमाच्या आधी घरात पाहिलाय. त्याला तुमचा अभिमान असणार, असं मी पैजेवर सांगते. पण गोष्टीत त्याने तुम्हाला एक रात्र घरी बसवून घेतलं. दुसरी, पहाटेचं 'माझं चुकलं'.

ते म्हणायला तुमच्याकडे आता एक ताजं कारण आहे. तुम्ही त्याची फाइल न विचारता वाचलीत. 31 पानं चुकून वाचून होत नाहीत. हे त्याला याच आठवड्यात सांगा. घरी, सगळ्यांसमोर, जेवताना नको. रविवारी सकाळी तर्री-पोहे खायला गाडीवर मागे बसवून न्या आणि चालवता चालवता सांगा. एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, दोघांनाही सोपं जातं. 'फाइल उघडी होती, मी वाचली, विचारायला पाहिजे होतं, चुकलं.' एवढंच. फोनचा विषय निघाला तर निघू द्या, ओढून आणू नका. तो चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. बोलला नाही तर नाही. 'छान लिहितोस, पण आता अकरावीकडे बघ' हे वाक्य गिळून टाका, त्यातला 'पण' त्याला आधी ऐकू येईल. लग्नकार्यात नातेवाइकांना कौतुकाने सांगायचं नाही. जिमला त्याला जायचं असेल तर जाऊ द्या, गोष्टीची शिक्षा म्हणून नको.

तो या गोष्टी इंटरनेटवर टाकत असेल तर टोपणनाव काय, असं विचारू नका. खरं नाव, शाळा, फोटो तिथे जात नाही ना आणि कोणी अनोळखी मोठा माणूस खाजगीत बोलायला येत नाही ना, एवढं विचारा. त्या संग्रहात गोष्टींवर वयाचे शिक्के असतात, सगळंच पोरांसाठी नसतं. आणि गोष्टीबाहेर, म्हणजे रोजच्या जगण्यात, झोप उडालीय, जेवण सुटलंय, जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलतोय, असं दिसलं तर मात्र फिक-बिक बाजूला ठेवून 14416 या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही.

वहिनींसाठी एक. त्या 31 पानांत मे काकू कुठे आहे? तुम्ही सांगितलेल्या गोष्टीत तरी ती दिसली नाही. बापाला जागा करून द्यायची म्हणून काकूला पहिल्याच पानावर मारून टाकायची खोड या प्रकारात पुष्कळांना आहे, आणि मला ती मुळीच आवडत नाही. बाप एक रात्र जागला की 31 पानं, आई दहा वर्षं जागते तिचा एक परिच्छेद नाही. हे त्याला वहिनींनीच विचारावं, आणि जरा रागाने विचारलं तरी चालेल.

आता ता. क. नाही, असा टेस्टर पेटत नाही. मागच्या टोपीला उघडं बोट लागल्याशिवाय आतला निऑन उजळत नाही, कारण तो थोडासा करंट माणसाच्या अंगातूनच जमिनीत जायचा असतो. हे मला सांगून काय उपयोग? त्याला सांगा. इंग्रजीच्या चुका काढणारे, कौतुक करणारे, पुढचा भाग कधी म्हणून विचारणारे त्याला पन्नास भेटतील. टोनी स्टार्कने हातमोजे घालून टेस्टर धरलाय हे पकडणारा वाचक एकच आहे. आता त्या टोनीचे मोजे काढायचे की टेस्टर, ते लेखक ठरवेल.